देवाचें चित्र आणि भक्ताचें मन

महाराष्ट्रांतील दोन तीर्थक्षेत्रांचीं नांवें कलेच्या इतिहासांत एका विलक्षण योगायोगानें एकत्र आलीं आहेत. एक गोदावरीच्या उगमाशीं वसलेलें त्र्यंबकेश्वर आणि दुसरें भीमेच्या तीरावरचें पंढरपूर. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरीं ३० एप्रिल १८७० रोजीं एका शास्त्र्यांच्या घरीं धुंडिराज गोविंद फाळके जन्मास आले. पंढरपुरीं १७ सप्टेंबर १९१५ रोजीं मकबूल फिदा हुसेन जन्मास आले. फाळक्यांनीं देवांना पडद्यावर चालविलें. हुसेन यांनीं देवांना कापडावर रेखाटलें. फाळक्यांच्या चित्रांपुढें लोकांनीं हात जोडले. हुसेन यांच्या चित्रांची लोकांनीं नासधूस केली, त्यांच्या घरावर हल्ला केला, आणि अखेर वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षीं परदेशीं त्यांचा अंत झाला. दोघेहि चित्रकलेच्या वाटेनें आलेले, दोघेहि क्षेत्रांत जन्मलेले, दोघांचाहि विषय देवदेवतांचा. मग एकाच्या वांट्यास नमस्कार आणि दुसऱ्याच्या वांट्यास दगड कां यावेत? कलावंताचें स्वातंत्र्य आणि भाविकांचें दुखावलेलें मन यांच्यातील वादाचें बीज या एका प्रश्नांत सांपडतें.

प्रथम फाळक्यांचें उदाहरण घ्यावें. मुंबईस ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहत असतां पडद्यावरच्या ख्रिस्ताच्या जागीं त्यांना राम आणि कृष्ण दिसूं लागले, असें त्यांनींच पुढें लिहून ठेवलें आहे. मे १९१३ मध्यें त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्यानंतर त्यांनीं आपलें बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकास हलविला. १९१७ मध्यें ‘लंका दहन’ निघाला. त्या काळीं स्त्रिया चित्रपटांत काम करावयास तयार होत नसत. म्हणून उपाहारगृहांत काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणास पुढें करण्यांत आलें, आणि ‘लंका दहना’त राम तोच आणि सीताहि तोच! १९१९ च्या ‘कालिया मर्दना’त बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी. शास्त्राच्या कांट्यावर तोलूं गेल्यास यांत आक्षेपाला जागा कांहीं थोडी नव्हती. उपाहारगृहांतला एक तरुण जानकीमाता होतो, एक मुलगी परमेश्वराचा अवतार होते, आणि हें सर्व चार पैसे देऊन येणाऱ्या कोणत्याहि प्रेक्षकापुढें, पायांतील वहाणांसह, दाखविलें जातें. तरीहि राम पडद्यावर येतांच प्रेक्षक हात जोडीत, अशा हकीकती त्या काळाविषयीं सांगितल्या जातात. साळुंक्यांची सीता कोणास बोचली नाहीं.

याचें कारण असें कीं फाळक्यांचे देव लोकांच्या ओळखीचे होते. कीर्तनांत ऐकलेले, पोथींत वाचलेले आणि भिंतीवर पाहिलेले तेच देव ते दाखवीत होते. पण हे भिंतीवरचे देव तरी कोठून आले, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. केरळांतील किळिमानूरचे राजा रविवर्मा यांनीं १८९४ मध्यें मुंबईजवळ घाटकोपर येथें छापखाना काढला. तो पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्या छापखान्यांतून निघालेल्या रंगीत चित्रांनीं लक्ष्मी आणि सरस्वती यांना घरोघर पोंचविलें. आज पाटीपूजनाच्या दिवशीं जी शुभ्रवस्त्रा, वीणाधारिणी सरस्वती मुलांच्या डोळ्यांपुढें उभी राहते, तिच्या मुद्रेवर आणि लुगड्याच्या निऱ्यांवर रविवर्म्यांचा हात फिरलेला आहे. त्यापूर्वीं देव्हाऱ्यांत टाक असत, शाळिग्राम असे, बाण असे. क्वचित् एखादी पितळी मूर्ति असे. सरस्वतीचें ध्यान पुराणांतून आलें हें खरें. परंतु तिचा आजचा चेहरा एका चित्रकारानें आपल्या कल्पनेनें ठरविला. ज्या रूपास आज अनादि म्हणून मान मिळतो, तें रूप सव्वाशें वर्षांपूर्वीं एका कलावंतानें घेतलेलें स्वातंत्र्यच होतें. ही गोष्ट ध्यानीं धरली म्हणजे पुढील विचार थोडा सोपा होतो.

आपल्याकडे देवाचें रूप कधींहि एकच नव्हतें. तमाशाच्या फडांत गणानंतर गवळण येते. तिच्यांत श्रीकृष्ण, पेंद्या आणि मावशी यांचा थट्टेचा फड रंगतो, आणि त्या थट्टेंत प्रत्यक्ष देवालाहि सूट मिळत नाहीं. ती गवळण पाहून हंसणारा शेतकरी दुसऱ्या दिवशीं पहाटे माळ घालून वारीला निघतो. त्यास यांत विसंगति वाटत नाहीं. जनाबाई आणि नामदेव आपल्या विठोबाशीं भांडले, त्याला बोल लावले, प्रसंगीं शिव्याहि दिल्या. आणि ते अभंग वारकरी आजहि टाळमृदंगांच्या गजरांत म्हणतात. मराठवाड्यांत तेर येथें सांपडलेल्या प्राचीन लज्जागौरीच्या मूर्ति पाहाव्या. ती मातृदेवता वस्त्रहीन आहे, आणि ती पूजेचीच मूर्ति होती. दूर जावयास नको. नाशिकजवळ म्हसरूळचें गजपंथ हें दिगंबर जैनांचें क्षेत्र आहे. बागलाणांत मांगीतुंगीच्या डोंगरावर ऋषभदेवांची १०८ फूट उंचीची मूर्ति २०१६ मध्यें प्रतिष्ठित झाली. ती दिगंबर आहे. तिच्या पायथ्याशीं लहान मुलांना घेऊन कुटुंबेंच्या कुटुंबें उभीं राहतात, आणि कोणाच्याहि मनांत विकल्प येत नाहीं. यावरून एवढें तरी सिद्ध होतें कीं नग्नता ही स्वतः अपमान नव्हे आणि थट्टा ही स्वतः निंदा नव्हे. कोण दाखवितो, कोणाला दाखवितो आणि कोणत्या भावनेनें दाखवितो, यांवर सारें अवलंबून असतें.

आतां हुसेन यांच्याकडे वळावें. पंढरपूरच्या या मुलानें मुंबईंत सिनेमाच्या जाहिरातींचे भव्य फलक रंगवून पोट भरलें. १९४७ मध्यें निघालेल्या पुरोगामी चित्रकारांच्या मंडळांत ते होते. पुढें डॉ. राममनोहर लोहिया यांच्या सूचनेवरून त्यांनीं रामायणावर चित्रमाला रंगविली. देवदेवतांचा विषय त्यांना परका नव्हता. १९७० नंतरच्या दशकांत त्यांनीं सरस्वतीचें एक रेखाचित्र काढलें. थोड्याच रेषांचें, वस्त्रहीन. तें अनेक वर्षें कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें. १९९६ मध्यें भोपाळच्या एका हिंदी मासिकानें तें छापलें आणि वणवा पेटला. ऑक्टोबर १९९६ मध्यें अहमदाबादच्या एका कलादालनांत शिरून त्यांच्या चित्रांची नासधूस करण्यांत आली. मे १९९८ मध्यें मुंबईंतील त्यांच्या घरावर हल्ला झाला. २००६ मध्यें काश्मीरच्या भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठीं व्हावयाच्या एका लिलांवाच्या जाहिरातींत त्यांचें आणखी एक चित्र आलें. भारताच्या नकाशाच्या आकारांत एक विवस्त्र स्त्री त्यांत होती, आणि चित्राखालीं ‘भारतमाता’ असें नांव घातलेलें होतें. गहजब होतांच हुसेन यांनीं क्षमा मागितली आणि चित्र लिलांवांतून काढून घेण्यांत आलें. परंतु ठिकठिकाणीं फौजदारी फिर्यादी दाखल झाल्या. त्या फिर्यादींच्या गांवांत राजकोट होतें, इंदूर होतें, भोपाळ होतें. आणि पंढरपूरहि होतें. ज्या गांवीं जन्म झाला, त्याच गांवच्या न्यायालयाच्या दारीं त्यांच्याविरुद्ध फिर्याद उभी राहिली. त्याच वर्षीं त्यांनीं देश सोडला.

येथें फिर्यादी पक्षाची बाजू प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. त्यांना अडाणी म्हणून हिणविणें सोपें असतें, पण न्यायाचें नसतें. भक्ताच्या दृष्टीनें मूर्ति ही कल्पना नव्हे, ती घरांतील व्यक्ति आहे. तिला सकाळीं जागें करावयाचें, स्नान घालावयाचें, वस्त्र नेसवावयाचें, नैवेद्य दाखवावयाचा आणि रात्रीं निजवावयाचें. देवाला वस्त्रें नेसवितांना अनेक देवळांत पडदा ओढतात, तो उगाच नव्हे. अशा भक्तास विवस्त्र सरस्वतीचें चित्र म्हणजे सौंदर्यशास्त्राचा प्रश्न वाटत नाहीं. आपल्या आईची विटंबना वाटते. ‘खजुराहो पाहा’ या उत्तरानें त्याचें समाधान होत नाहीं, कारण त्याच्या घरांतली देवी खजुराहोची नाहीं. शिवाय, ‘हुसेन यांनीं स्वतःच्या धर्मांतील वंद्य व्यक्तींना असें रंगविलें असतें काय?’ असा प्रश्न तो विचारतो; आणि हा प्रश्न केवळ द्वेषांतून येतो असें म्हणतां येत नाहीं. दुःख खरें आहे, हें आधीं मान्य केल्यावांचून पुढची चर्चा व्यर्थ आहे.

पण दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. हुसेन यांना स्वधर्मीयांच्या रोषाचा अनुभव आला नव्हता असें नाहीं. २००४ मध्यें त्यांच्या ‘मीनाक्षी’ या चित्रपटांतील एका कव्वालीस मुस्लिम धर्मगुरूंनीं आक्षेप घेतला, आणि चित्रपट चित्रगृहांतून काढून घ्यावा लागला. अन्य धर्मीयानें आपल्या देवांस हात लावूं नये असें म्हणावें, तर पुण्याच्या प्रभात कंपनीचें काय करावयाचें? १९३६ चा ‘संत तुकाराम’ विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल या दोघांनीं मिळून दिग्दर्शित केला. मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें आज जे तुकोबा येतात, त्यांत विष्णुपंत पागनिसांच्या मुद्रेइतकाच फत्तेलालांच्या कलादृष्टीचाहि वांटा आहे. हात कोणाचा, यापेक्षां हातांत भाव कोणता, हेंच महत्त्वाचें.

भाव कोणता, हें ठरवावयाचें तरी कसें? कायद्यानें त्याचा एक मार्ग आंखला आहे. १९२० नंतरच्या दशकांत लाहोरास प्रेषितांविषयींच्या एका उपहासात्मक पुस्तकावरून मोठा क्षोभ झाला. १९२७ मध्यें उच्च न्यायालयानें प्रकाशकास निर्दोष सोडलें, आणि १९२९ मध्यें त्या प्रकाशकाचा खून झाला. त्या प्रकरणामुळें १९२७ मध्यें दंडसंहितेंत २९५-अ हें कलम घालण्यांत आलें. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अंमलांत आली. तिच्यांत तें २९९ वें कलम झालें. या कलमांतील मुख्य शब्द ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनें’ हे आहेत. कोणाचें तरी मन दुखावलें एवढ्यानें गुन्हा होत नाहीं. दुखविण्याचाच दुष्ट हेतु असावा लागतो. १९५७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हें कलम वैध ठरविलें तें याच मर्यादेच्या आधारावर. ८ मे २००८ रोजीं दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति संजय किशन कौल यांनीं हुसेन यांच्यावरील त्या फिर्यादी रद्द केल्या. केवळ नग्नतेमुळें कलाकृति अश्लील ठरत नाहीं, आणि चित्रांत राष्ट्राची वेदना व्यक्त करण्याचा प्रयत्न दिसतो, असा त्या निर्णयाचा आशय होता. निकाल लागला, चित्रकार मात्र परत आला नाहीं. २०१० मध्यें त्यांनीं कतारचें नागरिकत्व घेतलें आणि ९ जून २०११ रोजीं लंडनमध्यें त्यांचें निधन झालें. न्यायालय जिंकून देऊं शकतें, पण अंगणांत उभ्या असलेल्या जमावाची भीति तें काढूं शकत नाहीं, हा या प्रकरणाचा कडू बोध आहे.

ही व्यथा कोणा एका समाजाची नव्हे. जानेवारी २०१५ मध्यें पॅरिस येथें एका व्यंगचित्र साप्ताहिकाच्या कचेरीवरील हल्ल्यांत बारा माणसांना गोळ्या घालून ठार करण्यांत आलें. त्याच महिन्यांत मुंबईच्या एका उर्दू दैनिकाच्या संपादिकेनें त्या साप्ताहिकाचें मुखपृष्ठ बातमीसोबत छापलें. तिनें लगेच क्षमा मागितली. तरीहि फिर्यादी झाल्या, तिला अटक झाली आणि तिच्या दैनिकाची मुंबई आवृत्ति बंद पडली. धर्माच्या बाहेरहि असेंच घडतें. कवि वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ मध्यें बँक कर्मचाऱ्यांच्या एका नियतकालिकांत छापली गेली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यांत आला. वीस वर्षें उलटल्यावर, १४ मे २०१५ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें मुद्रक व प्रकाशक यांना मोकळें केलें; कवीला मात्र खटल्यास तोंड द्यावें लागेल असें सांगितलें. ऐतिहासिक वंद्य पुरुषांच्या तोंडीं कशी भाषा घालावी, यालाहि मर्यादा आहे असें न्यायालयाचें मत पडलें. म्हणजे आतां देवांच्या पंगतीस थोर पुरुषहि येऊन बसले आहेत. ही पंगत वाढतच जाणार असेल, तर उद्यांच्या लेखकास बोलावयास कोणता विषय उरेल, याचाहि विचार झाला पाहिजे.

‘भावना दुखावली, म्हणून थांबा’ हा युक्तिवाद किती सावधपणें स्वीकारावा, हें नाशिकनें स्वतःच्या इतिहासांत पाहिलें आहे. २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. अस्पृश्य मानलेल्या हजारों स्त्रीपुरुषांना रामाचें दर्शन हवें होतें, आणि देवळाचीं दारें बंद करण्यांत आलीं. दारें बंद करणाऱ्यांतहि पुष्कळ लोक ढोंगी नव्हते. त्यांच्या प्रवेशानें मूर्ति विटाळेल, असें त्यांना मनापासून वाटत होतें. त्यांचें दुःख प्रामाणिक होतें, आणि तरीहि तें अन्यायाच्या बाजूस होतें. पुढें कायद्यानें आणि घटनेनें त्या भावनेपेक्षां माणसाचा अधिकार मोठा मानला. देवळाचा दरवाजा आणि चित्राची चौकट या गोष्टी सारख्या नाहींत, हें उघड आहे. परंतु त्या सत्याग्रहानें एक धडा कायमचा घालून दिला. भावनेची प्रामाणिकता ही तिच्या न्याय्यतेचा पुरावा होत नाहीं. रूढि सांगते त्याप्रमाणें तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्या, तेव्हांहि कोणाची तरी भावना दुखावलीच होती. त्या वेळीं ती भावना विजयी झाली असती, तर महाराष्ट्र आज काय गात असता?

मग कलावंतास कसलेंच बंधन नाहीं काय? आहे, पण तें पोलिसाचें नसून विवेकाचें आहे. ज्याचें चित्र काढावयाचें, त्याच्यावर श्रद्धा ठेवणारी माणसें आपल्या शेजारीं राहतात, हें विसरण्याचा अधिकार कलावंतास नाहीं. सत्ता, संपत्ति आणि दंभ यांनीं देवाचें नांव पुढें केलें असतां त्या दंभाची खोड मोडणें हें कलेचें कर्तव्य आहे. परंतु आधींच दबलेल्या, अल्पसंख्य किंवा दुबळ्या माणसाच्या श्रद्धास्थानावर केवळ टाळ्यांसाठीं थुंकणें हें शौर्य नव्हे. गवळणींतील मावशी कृष्णाची थट्टा करते, कारण तिचें कृष्णावर प्रेम आहे. प्रेक्षकांना तें कळतें. ज्या थट्टेंत प्रेम नाहीं आणि सत्याचा शोधहि नाहीं, तिचें आयुष्य अल्प असतें. तिला बंदी घालून तें वाढवूं नये.

आणि भाविकांसहि कांहीं कर्तव्य आहे. न आवडलेलें चित्र न पाहणें, त्याविरुद्ध लिहिणें, सभा भरविणें, निषेध नोंदविणें, फार झाल्यास न्यायालयांत जाणें, हे सर्व सभ्य मार्ग आहेत. ‘मी पाहणार नाहीं’ हा प्रत्येकाचा अधिकार आहे. ‘कोणीच पाहूं नये’ असें म्हणतांना मात्र पुराव्याचा भार म्हणणाऱ्यावर येतो. आणि ‘काढणाऱ्याचे हात मोडूं’ असें म्हणतांच म्हणणारा देवाचा भक्त राहत नाहीं, तो जमावाचा एक अवयव होतो. हुसेन यांचें रेखाचित्र वीस वर्षें कोणाच्या नजरेस आलें नव्हतें. ज्यांनीं तें छापून गांवोगांव पोंचविलें, त्यांनींच सरस्वतीची विटंबना अधिक लोकांना दाखविली, असा हिशेब निघतो. देवाचा अपमान झाला असेल, तर त्याची प्रत हजारों घरीं वांटणें हा त्यावरचा उपाय खचित नव्हे.

आज अशीं चित्रें मासिकांतून येत नाहींत. तीं घरांतील प्रत्येकाच्या मोबाईलवर, क्षणार्धांत, ‘पाहा, काय केलें आहे’ अशा क्रुद्ध मजकुरासह येतात. एखाद्या सायंकाळीं घरांतील मुलगा तें चित्र वडिलांपुढें धरतो आणि विचारतो, ‘हें खरें का? आतां काय करावयाचें?’ त्या क्षणीं वडील काय करतात, यावर या देशांतील कलेचें आणि धर्माचेंहि भवितव्य बरेंचसें अवलंबून आहे. ते चित्र न पाहतांच संतापून पुढें पाठवितील, तर मुलगा संतापणें शिकेल. ते हंसून टाळतील, तर मुलगा दुसऱ्याचें दुःख तुच्छ मानावयास शिकेल. परंतु ते जर त्या मुलास जवळ बसवून विचारतील कीं हें कोणी काढलें, केव्हां काढलें, कशासाठीं काढलें, हें आज कोण पाठवीत आहे आणि त्याचा हेतु काय आहे. आणि मग देव्हाऱ्यांतील सरस्वतीकडे बोट दाखवून सांगतील कीं हिचाहि चेहरा एका माणसानेंच रंगविला आहे आणि तरीहि ती आपली आईच आहे. तर त्या मुलाच्या मनांत श्रद्धा आणि विवेक या दोघी बहिणी एकत्र नांदावयास लागतील.

त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या चित्रपटकारानें १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिकांत, आपल्याच माणसांत डोळे मिटले. पंढरपुरीं जन्मलेल्या चित्रकारास तें भाग्य लाभलें नाहीं. त्याच्या चित्रांविषयीं मतभेद पुष्कळ असूं शकतील. तीं आवडलींच पाहिजेत असा आग्रह कोणी धरूं नये. परंतु एखादें चित्र आवडलें नाहीं म्हणून वृद्धापकाळीं माणसास आपलें गांव दुरावावें, हें ज्या विठ्ठलाच्या गांवचें तें लेकरूं, त्या विठ्ठलासहि रुचलें नसतें.